जुन्या बोर्डावरून इंडक्शनसाठी जादा सॉकेट काढता येईल का?
मिक्सर किंवा चार्जरसाठी हवा असेल तर काढा, इंडक्शनसाठी मात्र मुळीच नको. 2000 वॅटची शेगडी 230 व्होल्टवर जवळपास 9 अँपिअर ओढते आणि बोर्डावरचा साधा सॉकेट असतो 6 अँपिअरचा. मागची वायरही बहुधा बारीक, 1 किंवा 1.5 चौरस मिमीची. ती भिंतीच्या आत तापत राहते, बाहेर कळतही नाही. इंडक्शनला डीबीपासून, म्हणजे घरातल्या मुख्य वितरण पेटीपासून, स्वतंत्र लाइन घ्या: 4 चौरस मिमी तांब्याची वायर, 16 अँपिअरचा सॉकेट, वेगळा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच). काम वायरमनकडूनच, मेन बंद करून. बोर्ड उघडलाच आहे तर सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकामागे हिरवी वायर, म्हणजे अर्थिंग, खरंच जोडलेली आहे का तेही बघायला सांगा. आमच्याकडे ती नुसती गुंडाळून ठेवलेली निघाली.