पुराची तारीख आणि पोटातलं बाळ

कोल्हापूर

प्रिय,

'बालपणीचा ताण आणि मानसिक आजार' हा तू संशोधनासाठी पाठवलेला विषय जन्मभर पुरेल एवढा आहे. त्यातला एकच तुकडा धर. ऑगस्ट २०१९ च्या पुरात जी मुलं आईच्या पोटात होती ती आता शाळेत जातायत; आईच्या त्या ताणाचा त्यांच्या मनावर काही परिणाम दिसतो का, एवढंच बघ.

आधी 'ताण' हा शब्द फोडून घे. घरात किती पाणी आलं, आईला त्याचं किती वाटलं आणि तिच्या शरीरात काय झालं, या तीन गोष्टी वेगळ्या आहेत. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये जानेवारी १९९८ च्या हिमवादळानंतर गरोदर बायकांवर अभ्यास झाला, त्यात प्रत्यक्ष हाल आणि मनाला झालेला त्रास मुद्दाम वेगळे मोजले होते. मुलांच्या भाषेशी आणि बुद्ध्यांकाशी संबंध दिसला तो हालांचा. त्यामुळे 'खूप त्रास झाला का?' असं विचारू नकोस. पाणी उंबऱ्याला लागलं, खिडकीपर्यंत आलं की छपरापर्यंत? घर किती दिवस सोडलं? जनावरं वाचली का? रेशनकार्ड, दागिने, धान्य यातलं काय गेलं? पंचनाम्याचा कागद बघ, पण एकट्या त्यावर विसंबू नकोस. भिंतीवरची पाण्याची खूण जास्त खरं सांगते.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो तारखेत. बाळाच्या जन्मतारखेतून नऊ महिने वजा करू नकोस, सातव्या महिन्यात झालेलं मूल तिथंच फसवतं. माता-बाल संरक्षण कार्डावर शेवटच्या पाळीची तारीख असते, तिच्यावरून पुराच्या दिवशी कितवा आठवडा होता ते काढ. आणि लवकर झालेली बाळंतपणं हिशेबातून वगळायची नाहीत. लवकर होणं हा ताणाचाच परिणाम असू शकतो. तो वगळलास तर जे शोधायचंय तेच पुसलं जाईल.

दुसरी गोष्ट आपल्याकडचीच. पहिलं बाळंतपण माहेरी. कार्डावर पत्ता शिरोळ तालुक्यातला, पण पुराच्या आठवड्यात बाई माहेरी निपाणीला, तर तिच्या घरात पाणी आलं आणि ती मात्र कोरडी! 'त्या आठवड्यात रोज रात्री कुठं झोपत होता?' हा प्रश्न विचारायलाच हवा.

तुलनेला दुसऱ्या तालुक्यातलं कोरडं गाव घेऊ नकोस. त्याच गावातली वरची गल्ली घे. मार्च २०२० चा लॉकडाऊन आणि जुलै २०२१ चा पूर या मुलांच्या वाट्याला पुन्हा आलेच. लॉकडाऊन दोन्ही गल्ल्यांना सारखा होता, २०२१ चं पाणी मात्र वेगळं नोंदव.

आता लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणात वाढणारं संप्रेरक. आईचं किंवा मुलाचं आत्ताचं कॉर्टिसोल २०१९ चा पुरावा होत नाही. ते आजच्या शरीराचं माप. उठल्यावर साधारण ३० ते ४५ मिनिटांत ते चढतं आणि रात्री उतरतं. म्हणून नमुने घड्याळावर नव्हे, जाग येण्यावर बांध: उठल्याबरोबर, ३० मिनिटांनी, ४५ मिनिटांनी, मग झोपताना, किमान दोन दिवस. पहाटे धारा काढायला चारला उठणारी आई आणि सातला उठणारी आई एका रांगेत बसत नाहीत. सकाळचे तिन्ही नमुने होईपर्यंत चहा नाही, दात घासणं नाही आणि मिश्री तर मुळीच नाही. मिश्रीतल्या निकोटीनने कॉर्टिसोल हलतं, आणि हिरड्यांतून रक्त आलं की नमुना बिघडतो. घरात 'मिश्री लावता का?' असं थेट विचारलं तर सासूसमोर 'नाही' येईल. म्हणून गावातल्या आशा सेविकेला बरोबर ठेव. स्टिरॉइडची गोळी, मलम किंवा दम्याचा पंप चालू असेल तर तेही लिही. नळीवर खरी वेळ टाक, ठरवलेली नव्हे.

सहा वर्षांच्या मुलात आजाराचं नाव शोधू नकोस. आयुष्यात कधी ना कधी होणाऱ्या मानसिक आजारांपैकी बरेचसे चौदाव्या वर्षानंतर सुरू होतात. तू लक्षणं मोज: झोप, भीती, लक्ष, चिडचिड. एसडीक्यू या मुलांच्या वागण्याच्या आणि भावनांच्या प्रश्नावलीतले २५ प्रश्न आईलाही विचार आणि शाळेतल्या बाईंनाही. दोघींची उत्तरं जुळली नाहीत तर सरासरी काढू नकोस, तो फरकही माहितीच आहे.

'आठवतंय तसं सांगते' यावर किती भिस्त ठेवायची? लहानपणीच्या छळाच्या तेव्हाच्या नोंदी आणि मोठेपणीच्या आठवणी ताडून पाहणारे अभ्यास २०१९ मध्ये एकत्र तपासले गेले. नोंद असलेल्यांपैकी ५२ टक्क्यांनी मोठेपणी तो सांगितलाच नव्हता.

एखाद्या मुलाने लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं तर ते वहीत बंद राहत नाही. पोक्सो कायद्याप्रमाणे कळवणं बंधनकारक आहे. संमतीपत्रात हे आधीच लिही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर प्रत्येक घरात देऊन ये.

पावसाळ्याआधी दहा घरांत प्रश्नावली चालवून बघ आणि कोणता प्रश्न ऐकून बाई गप्प झाली ते समासात लिहून आण.