गाडी बाद झाली म्हणजे मी बाद झालो का?

मी समुपदेशक आहे, आणि हा प्रश्न मला वेगवेगळ्या शब्दांत खूप मुलं विचारतात, कोणाचा प्रोजेक्ट रिजेक्ट झालेला असतो, कोणाचा कोड चालत नसतो. आज ज्याच्याबद्दल लिहितेय तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. त्याच्या परवानगीने लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

तो व्हर्च्युअल रेस कार डिझाइन स्पर्धेत उतरला होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, यात खरी गाडी कोणी बनवत नाही. रूलबुक मिळतं, त्यात चाकं कुठे, फ्लोअर म्हणजे गाडीचा तळ जमिनीपासून किती वर, विंग म्हणजे गाडीचा पंख कुठल्या चौकटीच्या आत बसली पाहिजे हे सगळं मिलिमीटरमध्ये दिलेलं असतं. मुलं कॅडमध्ये, म्हणजे डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये, गाडीचं मॉडेल काढतात, फाइल पाठवतात, आयोजक सगळ्यांच्या गाड्या एकाच पद्धतीने सीएफडीमध्ये चालवतात, म्हणजे कॉम्प्युटरवर हवा सोडून बघतात, आणि जो डाउनफोर्स (हवा गाडीला खाली दाबते तो जोर) आणि ड्रॅग (हवा गाडीला मागे ओढते तो जोर) निघेल त्यावरून लॅप टाइम, म्हणजे ट्रॅकची एक फेरी मारायला लागणारा वेळ, काढतात.

याची गाडी बाद झाली होती. विंगच्या बाजूच्या पट्टीचा खालचा कोपरा चौकटीच्या बाहेर 4 मिलिमीटर. आणि वर आयोजकांच्या रनमध्ये, म्हणजे त्यांनी सिम्युलेशन चालवलं तेव्हा, डाउनफोर्स त्याने घरी लॅपटॉपवर काढलेल्या आकड्यापेक्षा बराच कमी आलेला. त्यानंतर दहा दिवस तो कॉलेजला गेला नव्हता, रात्रभर जागा, दुपारपर्यंत झोपलेला, आणि आई माझ्याकडे घेऊन आली तेव्हा तिचं म्हणणं एकच, की अहो मॅडम ही गाडी खरी पण नाहीये, एवढं काय मनाला लावून घ्यायचं.

मी आईंना तिथेच थांबवलं. गाडी खोटी असली तरी चार महिने खरे होते, आणि फॉर्म्युला वनच्या टीम्सही गाडी बनवण्याआधी हेच करतात, तिथे तर सीएफडी किती वापरायचं यावरही नियमाने मर्यादा आहे. त्यामुळे 'नुसता खेळ' म्हणून समजूत काढायला गेलो असतो तर तो माझ्याशी बोललाच नसता.

पहिल्या दोन भेटींत आम्ही फक्त झोपेवर काम केलं. रन रात्री लावून ठेवायचा पण तो बघत बसायचं नाही, लॅपटॉप दुसऱ्या खोलीत. कंटाळवाणं वाटतं हे, पण झोप नसलेल्या माणसाला प्रत्येक चूक स्वतःच्या लायकीचा पुरावा वाटते हे मी इतक्या वेळा बघितलंय की मी यावर तडजोड करत नाही.

तिसऱ्या भेटीला त्याला म्हटलं, मला काही कळत नाही यातलं, तू मला शिकव. तो जरा खुलला. स्क्रीनवर गाडी, निळा रंग जिथे दाब कमी, लाल जिथे जास्त. वेग दुप्पट झाला की ड्रॅग चौपट होतो, डाउनफोर्सही चौपट. सिम्युलेशनमध्ये गाडी उभी असते आणि हवा अंगावर येते म्हणून खालची जमीनही हवेच्याच वेगाने सरकती दाखवावी लागते आणि चाकं फिरती, नाहीतर फ्लोअरखालची हवा खोटं चित्र दाखवते. हे सगळं तो न अडखळता सांगत होता, आणि हाच मुलगा मला सांगत होता की मला यातलं काही येत नाही.

मग मी विचारलं, घरचा आकडा जास्त का आला होता? बराच वेळ गप्प. मग म्हणाला, मॅडम माझा मेश, म्हणजे हिशेबासाठी हवेचे जे बारीक तुकडे पाडतात ते, जाड होता, लॅपटॉप तेवढंच ओढतो, त्यामुळे डिफ्युझरमध्ये, म्हणजे तळाच्या मागच्या वर चढत जाणाऱ्या भागात, हवा भिंतीपासून सुटतेय ते दिसलंच नाही. आणि आकडा स्थिर होत नव्हता, वरखाली होत होता, सरासरी घ्यायची तर मी वरचा घेतला. हे शेवटचं वाक्य तो जमिनीकडे बघून बोलला. मी म्हटलं, तुला तो आकडा हवा होता, म्हणून घेतलास. चूक आहे, पण ही दुरुस्त करता येते, कारण ती कुठे आहे हे तुला माहितेय.

त्याच्या डोक्यात तीन गोष्टींचा गोळा झाला होता: नियम मोडला, सिम्युलेशन चुकलं आणि 'मी हुशार नाही'. पहिल्या दोन वेगळ्या काढल्या तशी तिसरीला उभं राहायला जागाच उरेना.

पण खरी गोष्ट मला रूलबुकात सापडली. त्याने प्रिंट काढून आणलं होतं, पेन्सिलने खुणा केलेल्या, आणि ज्या नियमावर तो बाद झाला त्याच ओळीसमोर समासात एक छोटं प्रश्नचिन्ह होतं. मी बोट ठेवलं. हे कधीचं? फाइल पाठवायच्या तीन आठवडे आधीचं. गोलाई दिलेला कोपरा चौकटीत धरायचा की नाही अशी शंका होती त्याला, आणि आयोजकांना प्रश्न विचारायची सोयही होती. मग विचारलं का नाहीस? तर म्हणे, सगळ्यांना कळलं असतं की याला नियमसुद्धा वाचता येत नाहीत.

इथे मी थांबले, कारण हीच त्याची जुनी जखम होती, शाळेपासूनची, वर्गात हात वर करायचा नाही. गाडी फक्त निमित्त. यावर आम्ही पुढच्या चार भेटी घालवल्या.

मजा म्हणजे त्याला उत्तर माझ्याकडून मिळालं नाही. एकदा तो मला फॉर्म्युला वनमधला 2009 चा डबल डिफ्युझरचा वाद समजावत होता, की ब्रॉन, टोयोटा आणि विल्यम्स या टीम्सनी डिफ्युझरच्या नियमाचा एक अर्थ लावला, बाकीच्यांनी तक्रार केली, प्रकरण एफआयए या मोटार शर्यतींच्या जागतिक संस्थेच्या अपील कोर्टात गेलं आणि एप्रिलमध्ये निकाल लागला की डिझाइन कायदेशीर आहे. सांगता सांगता मध्येच थांबला. म्हणाला, म्हणजे या लोकांनाही नियमाचा अर्थ एकच लागला नव्हता. मी काही बोलले नाही, चहा गार होऊ दिला.

आणि 2010 च्या व्हर्जिन या फॉर्म्युला वन टीमचं त्यानेच सांगितलं, विंड टनेल (खरी हवा सोडून चाचणी घ्यायचा बोगदा) न वापरता पूर्ण सीएफडीवर केलेली गाडी, टीम त्या वर्षी शेवटची आली आणि पुढच्या वर्षी तो मार्ग सोडला. पूर्वी हे उदाहरण तो 'सिम्युलेशन बेभरवशाचं' म्हणून द्यायचा. त्या दिवशी म्हणाला, त्यांनाही आकडा आणि ट्रॅक यातलं अंतर नंतरच कळलं असणार.

आठवड्याभराने त्याने आयोजकांना मेल लिहिला, सात प्रश्न. मसुदा मला दाखवला, त्यात दोनदा सॉरी होतं, मी फक्त तेवढं काढायला सांगितलं. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, गोलाईसुद्धा चौकटीच्या आतच हवी.

स्पर्धेच्या पुढच्या फेरीत गाडी नियमात बसली. लॅप टाइम काही फार चांगला नव्हता, खालून पाचवा. मला त्याचा मेसेज आला की डिफ्युझरचा कोन दोन अंशांनी कमी करायला हवा होता, यावेळी सरासरी घेतली होती. मेसेज सकाळी साडेआठला आला होता.