विहिरीवरचं इंजिन कोल्हापुरात कसं जन्मलं?

गेल्या अंकात मी जुन्या ओतकामाबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातली चार इथं घेतो. नव्या वाचकांसाठी सांगतो, मी पॅटर्न मेकर. सुताराच्या घरातला. 1967 साली, वयाच्या सोळाव्या वर्षी कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वसाहतीत, मामांच्या शेडमध्ये कामाला लागलो आणि चव्वेचाळीस वर्षं लाकडाचे नमुने करत राहिलो. त्या लाकडावरून वाळूत साचा उठतो आणि साच्यात लोखंड ओतलं जातं.

प्रश्न : गडहिंग्लजजवळ आमच्या मळ्यात आजोबांनी घेतलेलं ऑइल इंजिन अजून पडून आहे. त्याच्या अंगावर 'कोल्हापूर' अशी उठावाची अक्षरं आहेत. कोल्हापुरात ना लोखंडाची खाण, ना कोळसा. मग इंजिनं इथं कशी बनू लागली?

दादा, ती उठावाची अक्षरंसुद्धा कुणीतरी हातानं लाकडात कोरून पॅटर्नवर बसवलेली असणार. असलं काम मी शेकड्यांनी केलंय, म्हणून तुमचं पत्र वाचून हात शिवशिवले.

खाण नव्हती हे खरं, पण ऊस होता. ऊस म्हटला की गुऱ्हाळ आलं, गुऱ्हाळ म्हटलं की चरक आला आणि ऊस जगवायचा तर नदीचं नाहीतर विहिरीचं पाणी वर उचलणं आलं. शाहू महाराजांनी 1895 साली शाहूपुरीची पेठ वसवली आणि गुळाला हक्काची बाजारपेठ मिळाली. त्याआधी चार वर्षं, 1891 मध्ये, मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली होती. गूळ बाहेर जायला आणि कच्चं लोखंड, कोक आत यायला वाट झाली. पुढं महाराजांनी 1906 साली शाहू मिल उभी केली, भोगावतीवर राधानगरीचं धरण हाती घेतलं. गुळाचा पैसा, रेल्वेची वाट आणि पाण्याची गरज एकाच मुलखात जुळून आली.

पण इंजिन काही पहिल्याच दिवशी बनलं नाही. आधी आली दुरुस्ती. चरकाचा दात तुटला, पंपाचा पंखा फुटला, तर विलायतेहून सुटा भाग यायला महिने लागणार आणि ऊस तर तोडायला उभा. मग लोहार आणि सुतार मिळून तुटलेल्या भागावरून नमुना घडवायचे आणि तसाच दुसरा ओतायचे. भाग ओतता ओतता अख्खं यंत्र कळत गेलं. माझ्या उस्तादांचं म्हणणं असं, की ज्यानं एखादं यंत्र दहा वेळा उघडून मिटवलंय, त्याला ते अकराव्यांदा नवं बनवता येतं. उद्यमनगर असं वर आलं, असं मी मानतो. वाय. पी. पोवार, म्हादबा मेस्त्री या जुन्या कारखानदारांची नावं तिथं आजही आदरानं घेतात. बाबूराव पेंटरांनी 1918 साली कोल्हापुरात सिनेमाचा कॅमेरा घडवला, तोही याच हवेत. चित्रकार माणूस कॅमेरा स्वतः बनवायचं मनावर घेतो आणि करून दाखवतो, याला आजूबाजूला लेथ फिरवणारे आणि पितळ घासणारे हात लागतात.

दुसरा झरा किर्लोस्करवाडीचा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली, कडबा कापायचं यंत्र केलं, मग लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन नासते असा समज होता, त्यामुळं सुरुवातीला नांगराला गिऱ्हाईक मिळेना. बेळगावातली जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या राजांनी कुंडलजवळचा माळ दिला. निवडुंगानं भरलेल्या त्या माळावर 1910 साली किर्लोस्करवाडी वसली. पहिल्या महायुद्धात बाहेरचं लोखंड येईना, तेव्हा शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा नांगरांसाठी ओतायला दिल्या, ही हकिकत आमच्या शेडमध्ये नव्या पोराला पहिल्या आठवड्यातच ऐकवायचे. मलाही ऐकवली. माझ्या उस्तादांचे उस्ताद किर्लोस्करवाडीत शिकलेले. तिथं हात बसलेला माणूस सांगली, कोल्हापूर, कराड कुठंही गेला तरी त्याची छिन्नी पाहून ओळखू यायची.

आता तुमचं इंजिन. आडव्या सिलिंडरचं, मोठ्या फ्लायव्हीलचं म्हणजे जड चाकाचं, हँडल मारून चालू होणारं आणि पट्ट्यावर पंप फिरवणारं असणार. वेग कमी, म्हणून झीज कमी. गावचा मेस्त्री ते पान्हा आणि हातोडीवर उघडू शकायचा. फ्लायव्हीलच्या आऱ्या बघा. सरळ आहेत की किंचित वाकड्या? ओतीव लोखंड गार होताना आकसतं. सरळ आरी त्या ताणानं तडकू शकते, वाकडी आरी थोडी दबून घेते. हे पुस्तकात आहेच, पण मला ते तडकलेलं चाक हातात देऊन शिकवलं.

प्रश्न : मी अकरावीत आहे. तुम्ही 'पॅटर्न' म्हणता म्हणजे नक्की काय? लाकडाचा भाग जसाच्या तसा करायचा, एवढंच ना?

बाळ, जसाच्या तसा केला तर भाग वाया जाईल. लोखंड गार होताना साधारण शंभरात एक भाग आकसतं. म्हणजे 300 मिलिमीटरचा भाग हवा तर लाकूड 303 चं करायचं. आमच्याकडं त्यासाठी वेगळी पट्टी असते, तिच्यावरचा एक फूट खऱ्या फुटापेक्षा एक सूत, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाच्या आसपास मोठा. मी लागलो तेव्हा पहिले तीन महिने मला दोन्ही पट्ट्या एका पिशवीत ठेवायला मनाई होती.

लेथवर जिथं तासायचं, तिथं लाकूड वाढवून ठेवायचं. वाळूतून पॅटर्न उचलताना साचा ढासळू नये म्हणून उभ्या बाजूंना किंचित उतार द्यायचा. भाग आतून पोकळ हवा असेल तर वाळूचा वेगळा गाभा करायचा, त्याला कोअर म्हणतात. तो साच्यात टेकावा म्हणून पॅटर्नवर बुंधे ठेवायचे, ते कोअर प्रिंट. आमच्या शेडमध्ये कोअर प्रिंट काळे रंगवायचे, म्हणजे मोल्डरला, वाळूत साचा करणाऱ्याला, लांबूनही कळावं की हा भाग लोखंडात येणार नाही, इथं गाभा बसणार.

अठराव्या वर्षी माझ्या हातून एक कोअर प्रिंट तोकडा राहिला. इंजिनच्या हेडचा, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाचा होता. लोखंड ओतताना गाभा एका अंगाला सरकला आणि त्या दिवशीची सगळी हेडं एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ निघाली. मामा मला काही बोलले नाहीत. त्यातलं एक हेड मधोमध कापून त्यांनी माझ्या पाटाशेजारी ठेवलं आणि वर्षभर हलवू दिलं नाही. पातळ बाजू जेमतेम नखाएवढी होती. आजही डोळे मिटले की ती दिसते.

लोखंड कसं उतरलंय हे ओळखायची रीतही तुला सांगतो. पाचरीच्या आकाराचा छोटा तुकडा ओतायचा, गार करून मोडायचा आणि मोडलेल्या तोंडावर टोकाकडून पांढरा पट्टा किती खोल गेलाय ते पाहायचं. पांढरं जास्त म्हणजे लोखंड कडक, लेथवर हत्यार खाणार. करडं नीट उतरलं तर काम झालं. आता स्पेक्ट्रोमीटर मिनिटात कार्बन, सिलिकॉन दशांशात छापून देतो. मी दोन्ही पाहिलं आहे आणि यंत्राचं मोजमाप जास्त भरवशाचं आहे, हे मनापासून सांगतो. तरी पाचर मोडून बघ. आकडा कशाचा आहे ते त्यातून कळतं.

प्रश्न : मी पुण्यात वाहनांच्या कारखान्यात खरेदी विभागात आहे. आमच्याकडं कोल्हापूरचं कास्टिंग येतं, उत्तम येतं. मग कोल्हापूरच्या नावाचं इंजिन आता का दिसत नाही? उद्योग मागं पडला का?

उद्योग मागं पडलेला नाही, वाढलाय. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले या वसाहती फिरून या. लहान-मोठ्या मिळून तीनशेच्या आसपास फौंड्र्या, म्हणजे ओतकामाचे कारखाने, या भागात आहेत. ट्रॅक्टर, ट्रक, पंप यांचं कितीतरी ओतीव काम इथून जातं, परदेशीही जातं.

इंजिन गेलं ते विजेमुळं. 1960 नंतर वीज मंडळाचे खांब शिवारात पोचू लागले. ज्याच्या विहिरीवर वीज आली, त्यानं इंजिन विकलं आणि मोटर बसवली. 1973 नंतर तेल महागलं आणि उरलेल्यांनीही वाट बदलली. शेतकऱ्याचं त्यात काहीच चुकलं नाही. माझ्या वडिलांच्या वाट्याच्या विहिरीवरही मोटरच आली आणि पहाटे हँडल मारायचा त्रास गेला म्हणून आईनं देवापुढं साखर ठेवली होती.

त्याच काळात पुण्याकडं मोठे वाहन आणि इंजिन कारखाने उभे राहिले होते. 1962 साली एमआयडीसी निघाली, वसाहती झाल्या, पुणे-बंगळूर रस्ता दारातून जात होता. ज्यांच्याकडं भट्टी होती, मोल्डर होते, पॅटर्न मेकर होते, त्यांनी इंजिनाऐवजी दुसऱ्याच्या इंजिनाचे भाग ओतायला घेतले. त्यानं हजारो घरं जगली, माझंही.

पण एक गोष्ट गेली, आणि तुम्ही खरेदीत आहात म्हणून तुम्हालाच सांगतो. इंजिन आमचं होतं तेव्हा शेतकरी बैलगाडीत घालून ते थेट दुकानाशी आणायचा. 'पाणी तापतंय', 'पट्टा सटकतोय' म्हणायचा. मामा त्याला चहा द्यायचे, इंजिन उघडायचे आणि संध्याकाळी मला बोलावून म्हणायचे, पाण्याची वाट अर्धा इंच रुंद कर. पुढचं इंजिन सुधारलेलं निघायचं. वापरणारा आणि बनवणारा यांच्यामध्ये तेव्हा फक्त एक बाकडं होतं. आता ड्रॉइंग येतं. भाग कुठं बसतो, कशानं मोडतो, हे ओतणाऱ्याला बहुतेक वेळा कळतच नाही. त्याला मिळतो तो किलोचा दर आणि रिजेक्शनचा आकडा. माझ्या शेवटच्या वर्षांत मी एका ब्रॅकेटचा कोपरा गोल करा असं एका मोठ्या गिऱ्हाइकाला कळवलं होतं, धारदार कोपऱ्यात तडा जातो म्हणून. दोन स्मरणपत्रं पाठवली, उत्तर आलं नाही. दीड वर्षानं तोच भाग तिथंच तडकून परत आला आणि नुकसान आमच्या माथी पडलं.

म्हणून विनंती आहे. तुमच्या पुढच्या नव्या भागाचं ड्रॉइंग पक्कं करण्याआधी ज्याच्याकडून ओतून घेणार, त्याच्या पॅटर्न शॉपमध्ये अर्धा दिवस बसा. सोबत डिझाइनचा एक पोरगा आणा. आणि आमच्या इथल्या मालकांनाही सांगणं आहे, की वर्षाला एक तरी वस्तू स्वतःच्या नावाची करून बघा. गुऱ्हाळं अजून आहेत, उसाच्या सरीत चालणारी छोटी अवजारं शेतकऱ्याला हवी आहेत. नावाची वस्तू असली की तक्रार थेट तुमच्या दारात येते आणि तिच्यातूनच पुढची वस्तू सुचते.

प्रश्न : माझ्या मुलीनं मेकॅनिकलचा डिप्लोमा केलाय. कागलच्या वसाहतीत पॅटर्न डिझाइनचं काम मिळतंय. घरचे म्हणतात फौंड्री म्हणजे धूर, वाळू, छातीचे आजार. पाठवू का?

ताई, घरच्यांची भीती खोटी नाही. माझे मामा अडुसष्टाव्या वर्षी गेले. शेवटची सहा वर्षं त्यांना जिना चढवत नव्हता. वाळूची बारीक धूळ फुप्फुसात बसते आणि निघत नाही. आम्ही तेव्हा तोंडाला उपरणं बांधायचो, त्यानं ती धूळ अडत नाही.

मुलीचं काम मात्र वेगळं आहे. ती संगणकावर भागाचं त्रिमितीय रूप करेल, लोखंड साच्यात कसं भरेल आणि कुठं शेवटी गार होईल हे ओतण्याआधी पडद्यावर पाहील. पॅटर्न आता बहुतेक अॅल्युमिनियमचे नाहीतर रेझिनचे, सीएनसीवर, म्हणजे संगणकानं चालणाऱ्या यंत्रावर निघतात. ते काम मला यायचं नाही. माझी पुतणी करते, आणि तिच्या शेजारी बसून मी तिला एवढंच विचारतो, हा कोअर कशावर टेकलाय?

पाठवा. पण रुजू होण्याआधी तिनं शॉप फ्लोअर पाहायला मागावं. वाळू झाडण्याच्या आणि फेटलिंगच्या, म्हणजे ओतीव भाग घासून साफ करायच्या जागी धूळ ओढणारी यंत्रणा चालू आहे की नुसती बसवलेली आहे, ते पाहावं. कामगारांना चांगले मास्क आहेत का, वर्षाला छातीचा फोटो काढतात का, हे विचारावं. जिथं ही उत्तरं सरळ मिळतात तिथंच तिला पाठवा. तिचं टेबल काचेच्या खोलीत असलं तरी हे विचारायला हवं, कारण तिनं आखलेला साचा बाहेर वाळूतच उभा राहणार आहे.

आणि गडहिंग्लजच्या दादा, ते इंजिन भंगारात देऊ नका. झाकण काढून आत पाण्याची वाट किती रुंद आहे ते मोजून मला कळवा. अर्धा इंच रुंद केलेली निघाली, तर ते आमच्याच शेडचं असण्याचा संभव आहे.