घरून काम करताना चार वर्षांच्या मुलाला दिवसभर घरात आनंदात कसं गुंतवून ठेवू? कोणती खेळणी घेऊ?

खेळण्यांचं शेवटी सांगते. त्याआधी ‘गुंतवून ठेवणं’ या शब्दांशी माझं जुनं भांडण आहे. ते सांगितल्याशिवाय मला पुढे लिहिता येणार नाही.

भांडण माझ्या ताईशी. तिची दोन्ही मुलं माझ्या मुलीपेक्षा मोठी, त्यामुळे या विषयात शेवटचा शब्द तिचा, असं आमच्या घरात गृहीतच धरलेलं. माझी मुलगी साडेतीन वर्षांची असताना मी घरून काम सुरू केलं. मुलाखतींची, बैठकांची रेकॉर्डिंग ऐकायची आणि शब्दन् शब्द टाइप करायचा. कानाला हेडफोन, नजर स्क्रीनवर, एक वाक्य चार वेळा मागे घेऊन ऐकायचं. मुलगी दर पाच मिनिटांनी येऊन बाही ओढायची. ताईचं निदान तयार होतं. “तू तिला काही करायलाच देत नाहीस, मग ती दुसरं काय करणार?”

मी ते मनावर घेतलं. तीन आठवडे रोज पहाटे पाचला उठून सहा ट्रे मांडले. एकात कागदाचे तुकडे आणि गोंद, एकात ओवायला मोठे मणी, एकात रंगांप्रमाणे वेगळी करायला बटणं, एकात चिमट्याने उचलायला कापसाचे गोळे. मांडायलाच पाऊण तास जायचा. कामासाठी मिनिटं टिपून ठेवायची सवय होती, म्हणून ट्रेचीही टिपली. एक ट्रे सरासरी सात मिनिटं टिकायचा. म्हणजे पाऊण तास मांडायचं आणि पाऊण तासात सगळं संपायचं. वर पसारा आवरायचा तो वेगळाच. पण मला लागलं ते दुसरंच. आधी ती रडून, कुरकुरून का होईना, स्वतः काहीतरी शोधून काढायची. तीन आठवड्यांत ती माझ्यासमोर उभी राहून “आता काय?” विचारायला शिकली. ते मी तिला शिकवलं होतं, पहाटे पाचला उठून.

आणि मग तो दिवस. दोन तासांचं रेकॉर्डिंग, तिघंजण एकमेकांचं वाक्य तोडत बोलताहेत, संध्याकाळपर्यंत द्यायचं होतं. शेवटच्या ट्रेमध्ये गोल रंगीत स्टिकरचा कागद होता. ती बराच वेळ शांत होती. मला वाटलं, चला, एक तरी ट्रे लागू पडला. पाणी प्यायला उठले तेव्हा डाव्या हाताकडे लक्ष गेलं. मनगटापासून खांद्यापर्यंत लाल, पिवळे, निळे ठिपके. हेडफोनच्या वायरवरही. नंतर मोजले, ४३ होते. एकेक स्टिकर सोलून, माझ्या बाहीवर ठेवून, अंगठ्याने दाबून तिने लावला होता आणि मला त्यातल्या एकाचाही स्पर्श कळला नव्हता. ती खुर्चीला टेकून रिकामा कागद हातात धरून बसली होती. मी विचारलं, “हे कधी लावलंस गं?” ती म्हणाली, “तू आहेस का ते बघत होते.”

त्या रात्री मी हेडफोन लावून, रेकॉर्डिंग चालू करून लॅपटॉपचा कॅमेरा स्वतःकडे लावला आणि टाइप करताना माझा चेहरा कसा असतो ते पाहिलं. त्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. पुढे एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगाबद्दल वाचलं. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९७८ साली प्रसिद्ध केला. आई काही महिन्यांच्या बाळाशी खेळते, मग थोडा वेळ चेहरा एकदम निर्विकार करून नुसती बघत राहते. बाळ हसून बघतं, आवाज काढतं, हात पुढे करतं, सगळं करून बघतं आणि शेवटी तोंड फिरवतं. माझी मुलगी तान्ही नव्हती आणि मी तिच्याकडे बघतही नव्हते, तेव्हा तो प्रयोग मला जसाच्या तसा लागू होतो असं मी म्हणत नाही. पण ४३ स्टिकर म्हणजे काय, हे मला ते वाचून कळलं. तिला खेळणी कमी पडत नव्हती.

ताईला हे सांगितलं. ती म्हणाली, “मग स्टिकरचं मोठं पाकीट आण.” तिला मुद्दा पोचला नाही. आजही पोचलेला नाही. म्हणून तुमचा प्रश्न दिसल्यावर राहवलं नाही.

माझं स्पष्ट मत असं की मूल गुंतत नाही ते बहुतेक वेळा त्याला आपला भरवसा वाटत नसतो म्हणून. आपण “पाच मिनिटं थांब” म्हणतो आणि वीस मिनिटं लावतो. चार वर्षांच्या मुलाला घड्याळ कळत नाही, पण फसवणूक बरोबर कळते. मी ट्रे बंद केले आणि दहा मिनिटांचं वाळूचं घड्याळ आणलं. उलटं करायचं तिने. वाळू संपली की मी हेडफोन काढणार, मग वाक्य अर्धवट राहिलं तरी चालेल. दोन मिनिटं तिचं बघायचं, ऐकायचं, जवळ घ्यायचं आणि पुन्हा उलटं. पहिले चार दिवस ती घड्याळासमोरून हलली नाही, नुसती वाळू बघत बसली. माझं काम त्या दिवसांत वाईट झालं. दुसऱ्या आठवड्यात वाळू संपलेली तिला कळेनाशी झाली, कारण ती खेळत होती. त्यानंतर सलग चाळीस मिनिटंही मिळायला लागली. काम सुरू करण्याआधी पंधरा मिनिटं फोन दुसऱ्या खोलीत ठेवून फक्त तिच्याशी खेळायचं, खेळ ती सांगेल तो, हेही तेव्हाच सुरू केलं. तिची जागा मात्र माझ्या टेबलाशेजारीच ठेवली, दुसऱ्या खोलीत नाही. मान वर केली की एकमेकींना दिसायला हवं.

खेळणी वाढवू नका, कमी करा. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठातल्या संशोधकांचा २०१८ मध्ये छापून आलेला एक अभ्यास आहे. दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांना एकदा चार खेळण्यांसोबत आणि एकदा सोळा खेळण्यांसोबत खेळू दिलं. चारच असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. मी चार बाहेर ठेवते, बाकीची कपाटात आणि आठवड्याने अदलाबदल. सायमन निकल्सन या ब्रिटिश शिल्पकाराने १९७१ साली सुट्या, हलवता-जोडता येणाऱ्या वस्तूंबद्दल लिहिलं होतं. वस्तूचा एकच ठरलेला उपयोग नसला की मूल स्वतः काहीतरी घडवतं. खोकी, दोऱ्या, ओढण्या, चिमटे, उशा. ताई याला भंगार म्हणते. तिच्या मुलांची बॅटरीवर चालणारी खेळणी महिन्याभरात पलंगाखाली जायची, हे मी पाहिलेलं आहे.

आणि स्क्रीन. मी देते, आणि लपवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांप्रमाणे दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी बसून स्क्रीन बघण्याचा वेळ दिवसाला एका तासापेक्षा जास्त नसावा, कमी असेल तर चांगलंच. तो तास मी सकाळी कंटाळा घालवायला वापरत नाही. ज्या कॉलमध्ये मला बोलावंच लागतं, तेवढ्यासाठीच राखून ठेवते. त्याच सूचनांमध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात १८० मिनिटं शारीरिक हालचाल हवी असंही आहे. बाहेर जाता येत नसेल तर उशांवरून उड्या, टेबलाखालून सरपटणं, दोघांनी मिळून नाचणं यातून ती होते. आवाज होतो, तो होऊ द्या.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. माझं काम ऐकण्याचं, मला मधेच थांबता येतं. तुमचे दिवसभर कॉल असतील तर वाळूचं घड्याळ काही कामाचं नाही. तेव्हा घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाने वेळ वाटून घ्यायला हवा आणि तो मागताना संकोच करू नका. मूल दोन वर्षांच्या आतलं असेल तर यातलं जवळपास काहीच चालत नाही. तिथे माणूसच लागतो. पाण्याचा खेळ काम करताना अजिबात नको, इंचभर पाण्यातही लहान मूल बुडू शकतं. तीन वर्षांच्या आतलं भावंड घरात असेल तर मणी, बटणं त्याच्या हाती लागू देऊ नका. नाण्यासारख्या चपट्या बॅटऱ्या तर कुठल्याच मुलाच्या हाताला लागता कामा नयेत. गिळल्या तर काही तासांत अन्ननलिका जाळतात.

आणि सगळं करूनही काही दिवस रडारडीचे जातात. माझे जातात. त्या दिवशी रात्री जागून काम संपवते.

खेळण्यांचं विचारलंत, तर एक मोठं रिकामं खोकं मिळवा, ज्यात तो बसू शकेल. आत एक उशी आणि टॉर्च, टॉर्चच्या बॅटरीचं झाकण स्क्रूने घट्ट बसणारं. ते तुमच्या खुर्चीच्या डाव्या की उजव्या हाताला ठेवायचं, हे त्याला ठरवू द्या. दार तुम्ही कापा, पण खिडकी कुठे हवी ते त्याला विचारून, म्हणजे आतून त्याला तुमचा चेहरा दिसेल.