लंडनहून तुर्कीला जाऊन आठवड्यात २० दातांना व्हेनिअर (दाताच्या पुढच्या बाजूला चिकटवायचं पातळ कवच) बसवून घ्यावेत का?
पॅकेजमध्ये खरोखर व्हेनिअर असतील तरच जा. त्या नावाखाली अनेकदा क्राउन, म्हणजे पूर्ण कॅप, बसवतात. व्हेनिअरसाठी दात फक्त पुढून, साधारण ०.५ मिमी घासतात. कॅपसाठी चहूबाजूंनी १ ते २ मिमी; दाताची खुंटी उरते आणि गेलेलं इनॅमल (दाताचं बाहेरचं कडक आवरण) परत येत नाही. नस दुखावली तर काही वर्षांनीही रूट कॅनाल करावं लागतं, तेव्हा इस्तंबूल लांब असतं. तिकीट काढण्याआधी लेखी मागा:

- प्रत्येक दाताला व्हेनिअर की कॅप, आणि किती घासणार
- नंतर कॅप निघाली तर दुरुस्तीचा, शिवाय विमानाचा खर्च कुणाचा

रूट कॅनाल झालेल्या किंवा मोठं फिलिंग असलेल्या दाताला मात्र बहुधा कॅपच लागते.