काळ्या खिडकीतली चुकलेली बेरीज

प्रश्न : लासलगावच्या एका कांदा व्यापाऱ्यासाठी नोडमध्ये (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) हिशेबाचा प्रोग्राम लिहिलाय. १२ आणि ८ क्विंटलची बेरीज १२८ येते! सर्व्हरवर नुसती काळी खिडकी. कन्सोल लॉग टाकून, म्हणजे मधले आकडे छापून बघून, थकलो.
— एक वाचक, सातपूर

उत्तर : अहो, १२८ म्हटल्याबरोबर चोर कळला, पण तो तुम्हीच पकडा. जिथे बेरीज होते त्याच्या वरच्या ओळीत 'डिबगर' (debugger) हा प्रोग्राम तिथे थांबवणारा शब्द लिहा आणि प्रोग्राम 'नोड इन्स्पेक्ट'ने (node inspect) चालवा. तो पहिल्याच ओळीवर थांबेल. घाबरू नका, 'सी' दाबा. व्यापाऱ्याचा फॉर्म भरला की तुमच्या ओळीवर येऊन थांबेल. 'एन'ने एक ओळ पुढे, 'एस'ने फंक्शनच्या आत, 'ओ'ने बाहेर. खरी गंमत 'रेपल'मध्ये (repl), म्हणजे थांबलेल्या प्रोग्रामला प्रश्न विचारायच्या जागेत आहे. तिथे 'टाइपऑफ वजन', म्हणजे वजन हा कुठल्या प्रकारचा आहे, ते विचारा. उत्तर 'स्ट्रिंग' येईल. फॉर्ममधून आलेला आकडा मजकूर असतो आणि अधिकचं चिन्ह मजकूर नुसता जोडतं. 'नंबर' फंक्शनमधून काढा, २० येतील.

मी स्वतः पंचवटीतल्या खोलीत अशाच चुकीपायी एक अख्खी रात्र घालवली आहे, म्हणून इतका शहाणा!

एक मात्र बघा. प्रोग्राम थांबलेला असताना बाकीच्यांच्या विनंत्याही अडकतात, म्हणून लिलावाच्या वेळी हे करू नका. आणि ९२२९ हा पोर्ट (डिबगर जोडायचं दार) बाहेरच्या जगाला उघडा ठेवू नका. तिथे जोडला गेलेला माणूस तुमच्या सर्व्हरवर हवं ते चालवू शकतो.