स्वस्त काडतुसांमुळे पिस्तूल अडकतं का?

तुम्ही लिहिलंय की बत्तीस बोअरचं पिस्तूल घेतलं, रेंजवर दहा राउंड मारले, त्यात तीनदा अडकलं, आणि दुकानदार म्हणतो देशी काडतूस हलकं असतं, बाहेरचं महागडं घ्या. हे खरं का, असा प्रश्न आहे.

आधी टोपी बघा, म्हणजे काडतुसाच्या बुडात बसवलेली छोटी वाटी, जिच्यावर पिन आपटली की दारू पेटते. जे काडतूस उडालं नाही ते अजून जवळ असेल तर त्याच्या बुडावरच्या टोपीवर पिनचा खड्डा किती खोल पडलाय ते उजेडात बघा. खड्डा खोल आहे, मधोमध आहे, तरी उडालं नाही, तर काडतुसाकडे बोट दाखवा. नुसता ठिपका उमटलाय तर बहुतेक वेळा काडतुसाचा काही गुन्हा नाही, पिस्तुलात घाण आहे, स्प्रिंग मेलीय किंवा स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा मागेपुढे सरकणारा भाग, पूर्ण बंद झालेली नव्हती. एवढं न बघता "माल हलका" म्हणून मोकळं होणारा माणूस मला सहन होत नाही, आणि त्याला कारण आहे, ते जरा सविस्तर सांगतो.

माझे वडील वरणगावच्या आयुध निर्माणीत होते. भुसावळ तालुक्यातली ही फॅक्टरी १९६४ पासूनची, फौजेच्या रायफलींची काडतुसं तिथे बनतात. वडील बरीच वर्षं तपासणीत होते, म्हणजे गेज लावून पास-नापास करायचं, लांबी, बुडाचा व्यास, पुंगळीला, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांड्याला, चीर आहे का, गोळी ढिली आहे का, टोपी किती आत बसलीय. मी पुढे फौजेत ई.एम.ई.मध्ये, म्हणजे हत्यारं-गाड्या दुरुस्त करणाऱ्या शाखेत, आर्मरर झालो, १७ वर्षं हत्यारं उघडली आणि जोडली, पण टोपी बघायला मला ट्रेनिंगच्या आधी वडिलांनी शिकवलं होतं. फॅक्टरीतून काडतूस घरी आणता येत नाही, म्हणून टाल्कम पावडरच्या डब्याच्या झाकणावर त्यांनी दाखवलं की अंगठ्याचं नख बुडावरून असं फिरवायचं, टोपी बुडाच्या किंचित खाली लागली पाहिजे, नख अडकलं म्हणजे टोपी वर आलीय, ते बाजूला काढायचं. रिटायर झाल्यावरसुद्धा शर्टाच्या बटणावरून त्यांचं नख तसंच फिरायचं.

आता जिजाजी. माझ्या बहिणीचे मिस्टर, चोपडा तालुक्यात केळीची बागायत, केळीचा पैसा रोखीत घरी यायचा म्हणून लायसन्स काढलं आणि बत्तीस बोअरचं पिस्तूल घेतलं. २०१८ च्या डिसेंबरात ते मला म्हणाले, तुम्ही फौजी आहात, चला रेंजवर, आपलं पिस्तूल बघा. सकाळी सातला गेलो, थंडी अशी की बोटं वळत नव्हती. पहिला राउंड गेला. दुसऱ्याची पुंगळी बाहेर पडायच्या ऐवजी स्लाइडच्या खिडकीत उभी अडकली. तिसरा गेला. चौथ्याला नुसता टिक आवाज, पाचव्यालाही टिक. आठात चारदा अडकलं. मी म्हटलं थांबा, आता मारू नका, घरी उघडून बघतो. न उडालेले तीन राउंड मी त्यांना विचारून वेगळ्या डबीत ठेवले.

दुपारी मळ्यात भरीत होतं. कपाशीच्या पराट्यांवर वांगी भाजलेली, केळीच्या पानावर भरीत आणि कळण्याची भाकरी, वीस-पंचवीस माणसं, आणि माझे वडीलही आलेले. जिजाजींनी सगळ्यांसमोर सकाळची गोष्ट काढली आणि वडिलांकडे बघून म्हणाले, "मामा, तुमना कारखानाना माल आसाच ऱ्हास का?" लोक हसले. वडील काही बोलले नाहीत. पान अर्धं ठेवून उठले, हात धुतले आणि बांधावर जाऊन उभे राहिले. जावयाला कोण बोलणार, आमच्याकडे जावई म्हणजे जावई, मीही गप्प बसलो आणि ते गप्प बसणं मला आजवर टोचतंय.

एक तर ते काडतूस वरणगावचं नव्हतंच. बुडावर 'के एफ' असा शिक्का असतो, म्हणजे किरकी फॅक्टरी, पुण्याची खडकी, १८६९ ची. वरणगावचा माल फौजेला जातो, जिजाजींच्या दुकानात येत नाही. वडिलांना हे एका वाक्यात सांगता आलं असतं, पण खडकीवर ढकलून स्वतः सुटायचं हे त्यांच्या स्वभावात नव्हतं.

रात्री ओट्यावर पेपर पसरून मी पिस्तूल उघडलं. स्लाइड ओढली तर ती सरकायच्या ऐवजी चिकटून येत होती. आतल्या रुळांवर पांढरट थर, बोटाला लावला तर मेणासारखा. खोबरेल तेल! दसऱ्याला जिजाजी पिस्तूल, मॅगझिन, काडतुसं सगळं ताटात मांडून शस्त्रपूजन करतात, हळद-कुंकू, अक्षता, आणि चमक यावी म्हणून वरून खोबरेल तेलाचा हात, काडतुसांनासुद्धा. डिसेंबरच्या पहाटे खान्देशात बाटलीतलं खोबरेल थिजतं हे घरातल्या प्रत्येक बाईला माहीत आहे, पिस्तुलातलं थिजणार नाही का? पिनच्या भोकात तेच थिजलेलं, मग पिन जोर लावणार कुठून. मॅगझिन उघडलं तर स्प्रिंगवर कुंकू आणि तेलाचा लाल लगदा, आणि तळाशी अक्षतेचा एक अख्खा दाणा, स्प्रिंगच्या वेढ्यात अडकलेला. राउंड वर चढायलाच जागा नव्हती.

मग डबीतले तीन राउंड बॅटरीच्या उजेडात बघितले. दोनांवर उथळ ठिपका. एकावर खड्डा खोल होता, तो काडतुसाचाच दोष, पण त्या टोपीच्या कडेलाही तेल मुरलेलं दिसत होतं, आणि तेल टोपीत झिरपलं की आतली दारू मरते, हे आर्मररला पहिल्या महिन्यात शिकवतात. पितळाला हिरवटपणाही आला होता, कारण वर्षभर काडतुसं चामड्याच्या पट्ट्यात खोचलेली असायची. पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की कळकतं ना, चामड्यात पितळ ठेवलं की तसंच कळकतं, आणि कळकलेली पुंगळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या घरात, रुतून बसते.

पिस्तूल चार बाय दोनच्या चिंदीने कोरडं पुसलं, हत्याराचं तेल अगदी बोटभर चिंदीवर घेऊन लावलं, मॅगझिनची स्प्रिंग लायसन्सवाल्या गनस्मिथकडून बदलून घेतली. पुढच्या महिन्यात त्याच लॉटचं न उघडलेलं पाकीट घेऊन गेलो, वीस राउंड, वीसच्या वीस गेले, तेही सकाळीच, थंडीतच. काडतूस तेच, किंमत तीच. जिजाजी काय म्हणाले? "ते ठीक शे, पन माल बी हलकाच शे." झालं.

आता तुमच्या प्रश्नाकडे. पिस्तूल रिव्हॉल्व्हरपेक्षा जास्त नखरे करतं, कारण त्याला पुढचा राउंड भरायला मागच्या राउंडचाच धक्का लागतो. बत्तीस बोअरची पिस्तुलं बहुतेक साधी ब्लोबॅक, स्लाइडचं वजन आणि स्प्रिंग एवढ्यावरच सगळं चालतं. दारू कमी पडली तर स्लाइड पूर्ण मागे जात नाही आणि पुंगळी खिडकीत अडकते, हे कमजोर काडतुसाने होतं. पण तेल थिजलेलं असलं किंवा मनगट ढिलं धरलं तरी डोळ्याला अगदी तेच दिसतं, म्हणून नुसतं दिसण्यावरून काडतुसाला फाशी देऊ नका. रिव्हॉल्व्हर धक्क्यावर चालत नाही, त्यात एक उडालं नाही तरी घोडा पुन्हा ओढला की पुढचं येतं, मात्र टोपी वर आलेली असेल तर सिलिंडर फिरायलाच अडतो.

आणि बत्तीस बोअरची एक खोड आहे जी दुकानदार सांगत नाही. हे १८९९ सालचं, ब्राउनिंग या अमेरिकन बंदूक-रचनाकाराचं काडतूस, त्याच्या बुडाची कड अंगापेक्षा किंचित बाहेर असते. मॅगझिन भरताना वरच्या राउंडची कड खालच्याच्या कडेमागे गेली की दोन्ही एकमेकांत अडकतात आणि मग काही केल्या वर येत नाहीत. भरताना प्रत्येक राउंड मागे दाबून भरा आणि वरची कड खालच्याच्या पुढे आहे ना ते बाजूच्या भोकातून बघा. मला वाटतं तुमच्या तीनपैकी निदान एक यातलं असेल.

लोक अमेरिकेतले व्हिडिओ बघून स्वस्त-महाग बोलतात. तिथे स्वस्त म्हणजे लोखंडी पुंगळीचा माल, लोखंड पितळासारखं फुगून परत आकसत नाही, त्यामुळे काही पिस्तुलांत ओढून काढायला जड जातं, तो प्रश्न खरा आहे पण तो त्यांचा आहे. आपल्याकडे ९ एमएम साध्या लायसन्सवर मिळत नाही, बत्तीसमध्ये एक तर देशी नाहीतर कुठल्या तरी दुकानात वर्षानुवर्षं पडून असलेलं बाहेरचं, ते कितीतरी पट महाग, आणि ते कुठे, किती पावसाळे पडून होतं याची तुम्हाला खात्री कोण देणार? लायसन्सवर लिहिलेल्या मोजक्या कोट्यातली काडतुसं असल्या मालावर घालवू नका.

हो, एक गोष्ट मान्य केली पाहिजे. पॉइंट बावीसमध्ये स्वस्त मालाने खरंच त्रास होतो. त्याला मधली टोपी नसते, स्फोटक बुडाच्या कडेत फिरवून भरलेलं असतं, ते सगळीकडे सारखं पोचलं नाही तर पिन जिथे पडते तिथे काहीच नसतं. शिवाय शिशाची मेणचट गोळी चेंबर लवकर घाण करते. स्पर्धेत उतरणारी पोरं लॉट तपासून काडतूस घेतात, ते बरोबरच करतात. आणि देशी मालात कधीच खराब राउंड निघत नाही असंही मी म्हणणार नाही, खराब राउंड कुठल्याही कारखान्याचा निघू शकतो, तेवढ्यासाठीच तर माझ्या वडिलांसारखी माणसं तिथे बसवलेली असतात.

टिक वाजलं आणि उडालं नाही तर नळी समोरच ठेवून निदान अर्धा मिनिट थांबा, उशिरा उडू शकतं. आणि नेहमीच्या दणक्याऐवजी फुसका आवाज आला तर पुढचा राउंड अजिबात मारू नका, गोळी नळीतच बसलेली असू शकते, वरून दुसरी गेली तर नळी फुगते, नाहीतर फाटते. पिस्तूल रिकामं करून नळीतून आरपार उजेड दिसतो का ते बघा. हे मी सगळ्यात आधी लिहायला हवं होतं.

वडील २०२१ मध्ये गेले. त्या ओट्यावरच्या रात्रीनंतर मी त्यांना सगळं सांगितलं होतं, तेल, अक्षता, त्याच लॉटचे वीस राउंड. त्यांनी एवढंच विचारलं, "त्या एकाची टोपी वर होती का?" मी म्हटलं नाही बाबा, खालीच होती, नख फिरवून बघितलं. मग त्यांनी मान हलवली आणि पेपर उचलला. जिजाजींनी मात्र त्यांना कधीच सांगितलं नाही की मामा, माझं चुकलं. भाचा हे वाचतो, तो त्यांना वाचून दाखवेलच.

तुम्ही न उडालेल्या राउंडच्या टोपीचा जवळून फोटो टाका, खड्डा दिसेल असा. आणि पिस्तुलाला घरचं कुठलं तेल लावलं होतं तेही लिहा.